एकदां येऊन गेलेला ताप

गेल्या श्रावणांत माजिवड्यास आमच्या घरीं धाकट्या नातीला ताप भरला. आदल्याच वर्षीं तिला डेंग्यू होऊन गेला होता. म्हणून मीं तिच्या आईबापांस मोठ्या अधिकारवाणीनें सांगितलें कीं, "तो रोग एकदां झाला म्हणजे सुटली, हा साधा ताप असावा, दोन दिवस वाट पाहा." पस्तीस वर्षें शाळेंत शिकविलेल्या माणसाचा शब्द घरांत सहसा कोणी मोडीत नाहीं. श्रोतेहो, माझ्या त्या बोलण्यांत निम्में सत्य होतें. राहिलेलें निम्में मला ठाऊक नव्हतें, आणि धोका होता तो त्यांतच.

प्रथम जें सत्य होतें तें पाहूं. रोगप्रतिकारशक्ति 'वाढविण्या'च्या गोष्टी हल्लीं फार ऐकूं येतात. जणूं कांहीं ती समईंतल्या तेलासारखी एकजिनसी वस्तु असून वरून काढा ओतला कीं पातळी चढते! त्वचा, सूज, जंतु गिळणाऱ्या पेशी असा कांहीं भाग जन्मतःच मिळतो, हें खरें. पण दुसरा भाग शरीर शिकून मिळवितें, आणि तें शिकणें असतें एकेका रोगापुरतें. गोवर येऊन गेला म्हणून कांजिण्या टळत नाहींत. भूमितींत पास झालेला मुलगा संस्कृतांत नापास होतोच कीं!

हें शिकणें होतें तरी कसें? आपल्या अस्थिमज्जेंत एका जातीच्या पांढऱ्या पेशी सतत निर्माण होत असतात. प्रत्येकीच्या अंगावर एका विशिष्ट घडणीचें कुलूप असतें, आणि नवल असें कीं, शत्रूची किल्ली कशी आहे हें ठाऊक होण्यापूर्वींच कोट्यवधि निरनिराळीं कुलपें तयार असतात. ज्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उठतील त्या आधींच बहुतेक गाळल्या जातात. ही गाळणी चुकली म्हणजे शरीर आपल्याच अवयवांस शत्रु समजतें; लहान मुलांस होणारा मधुमेह बहुधा अशाच घरभेदीपणानें होतो.

पायाला जखम झाली कीं जांघेंत अवधाण येतें, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. तेथें शाळाच भरलेली असते. जंतूंचे तुकडे घेऊन कांहीं पेशी त्या गांठींत येतात. तेथील असंख्य पेशींतून जिचें कुलूप जुळेल तिची निवड होते, आणि त्या एकीच्या हजारों होतात. कांहीं जणी प्रतिपिंडें नांवाचीं द्रव्यें रक्तांत सोडतात, तीं जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. दुसऱ्या कांहीं, रोगानें ग्रासलेल्या पेशीच ठार करतात. पहिल्या वेळीं या सर्वांस आठवडा-दीड आठवडा लागतो. काम संपल्यावर बहुतेक मरतात. मात्र थोड्या वर्षानुवर्षें टिकून राहतात, आणि तोच शत्रु पुन्हां आला तर दोनतीन दिवसांतच कामाला लागतात. लस टोचणें म्हणजे हाच पाठ रोगावांचून देणें.

मुंबईनें हें फार जवळून पाहिलें आहे. १८९६ सालीं शहरांत प्लेग शिरला. गांठीचा ताप म्हणत त्याला. कारण त्याचे जंतु थेट या गांठींतच, म्हणजे शाळेंतच, ठाण मांडतात. ओडेसा येथें जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत मांसरसावर तुपाचे थेंब तरंगवून त्याखालीं हे जंतु वाढविले, उष्णतेनें मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग असतां जवळजवळ निम्म्या कैद्यांनीं ती आपण होऊन घेतली. पुढील दिवसांत न टोचलेल्यांपैकीं १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांस झाला, आणि ते दोघेहि वाचले. मात्र टोचण्यापूर्वींच ज्यांच्या अंगांत प्लेग भिनला होता त्यांस लशीनें वाचविलें नाहीं. परीक्षेच्या सकाळीं पुस्तक उघडून काय होणार?

आतां माझ्या अज्ञानाकडे येतों. डेंग्यूचे विषाणु एक नव्हे, चार प्रकारचे आहेत. एक होऊन गेला म्हणजे त्या प्रकारापासून दीर्घकाळ अभय मिळतें. इतर तिघांपासून कांहीं महिनेच. पुढें दुसरा प्रकार आला म्हणजे जुनीं प्रतिपिंडें त्याला चिकटतात खरीं, पण अर्धवट. निकामी करूं शकत नाहींत. उलट त्या प्रतिपिंडांस धरून जंतु गिळणाऱ्या पेशी विषाणूला आंत घेतात, आणि तेथेंच तो वाढतो. दुसऱ्या खेपेचा प्रत्येक डेंग्यू भयंकर होतो असें नाहीं, बहुतेक रोगी बरे होतात. पण रक्तस्राव होणें, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब उतरणें हा धोका अधिक असतो. आणि तो येतो ताप उतरूं लागतो तेव्हां, घरचीं माणसें निश्चिंत होतात त्याच वेळीं.

आमची नात चौथ्या दिवशीं तापांतून उठली. मीं म्हटलें, पाहा! संध्याकाळीं तिच्या पोटांत कळा येऊं लागल्या, वारंवार वांत्या झाल्या, हातपाय गार पडले. सूनबाईनें माझें न ऐकतां रिक्षा बोलाविली. रुग्णालयांत शिरेवाटे सलाईन लावण्यांत आलें. दोन दिवस आम्ही पाळीपाळीनें उशाशीं बसलों. तेथील तरुण डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो हाच: "आजोबा, हिला पूर्वीं डेंग्यू झाला होता काय?" मी होय म्हणालों. तें त्यांनीं कागदाच्या माथ्यावर लिहिलें.

ती घरीं आल्यावर गच्चीवरील रिकाम्या कुंड्या आणि पाण्याचें पिंप आम्ही दोघांनीं मिळून पालथें घातलें. हा डांस स्वच्छ सांठलेल्या पाण्यांत वाढतो व दिवसा चावतो, हें तिनेंच मला सांगितलें. तिच्या पाठ्यपुस्तकांत आहे.