आवड आणि उपजीविका



परीक्षांचे निकाल लागले की पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येऊ लागतात. मी सेवानिवृत्त होऊन काही वर्षे लोटली, तरी हा प्रघात मोडलेला नाही. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ‘मास्तर, मुलाची आवड एकीकडे आणि पोटापाण्याची वाट दुसरीकडे, आम्ही काय करावे?’

पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे. एक विद्यार्थी गणिताच्या वहीत पानाफुलांची चित्रे काढी. मी त्याच्या वडिलांना बोलावून हा नाद मोडावयास लावला. पुढे तो एका कचेरीत हिशेबनीस झाला. गतवर्षी रस्त्यात भेटला, वाकून नमस्कार केला. परंतु चित्रांचा विषय त्यानेही काढला नाही व मीही काढला नाही. तेव्हापासून मी या प्रश्नाचा नव्याने विचार करू लागलो, आणि त्या कामी पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे चरित्र मला फार उपयोगी पडले.

त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईस झाला. आईबाप लहानपणीच निवर्तल्यामुळे मामांनी त्यांचा सांभाळ केला. शाळकरी वयात त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या कंठाशी पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, हे मामांना सांगता येईना. तथापि त्यांनी मुलास गप्प बसविले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील चिटणीस मिलर्ड यांनी त्या पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखविला.

येथवर ती केवळ आवड होती. तिची उपजीविका होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात त्यांना यश आले नाही. पदवी नसल्यामुळे पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात निसर्गविभाग समजावून सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी लाभली. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शास्त्रशुद्ध अभ्यास करून आले. १९३० साली परत येऊन पाहतात तो, पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली!

अशा वेळी मनुष्य आवडीस दोष देतो. सलीम अली मात्र अलिबागनजीक किहीम येथे समुद्रकाठी जाऊन राहिले व तेथे सुगरण पक्ष्याचे निरीक्षण करीत बसले. आपण त्या पक्ष्याला सुगरण म्हणतो खरे, परंतु घरटे विणतो तो नर. ते अर्धवट झाले की मादी येऊन पारखते. तिला पसंत पडले तर ती तेथे राहते व नर उरलेले काम पुरे करतो. मग तो दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. दररोज तासन्‌तास न कंटाळता पाहिल्यावाचून हे उमगणारे नव्हते. या संशोधनाने त्यांचे नाव जाणकारांत झाले.

पुढे हैदराबाद संस्थानात पक्ष्यांची पाहणी निघाली. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळावा, वेतन नको, या बोलीवर त्यांनी ते काम पत्करले. तसेच काम मग इतर संस्थानांतही मिळत गेले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि सामान्य वाचकास पक्षी ओळखता येऊ लागले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, त्या वेळी त्यांचे वय ७९ वर्षांचे होते.

या चरित्रातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, आवडीला शिक्षण द्यावे लागते. नुसती हौस रविवारपुरती असते. बर्लिनची शिस्त लागली तेव्हाच तिचे शास्त्र झाले. दुसरी, आपल्या आवडीचा दुसऱ्यास उपयोग झाला पाहिजे. संस्थानांस पाहणी हवी होती, वाचकांस पुस्तक हवे होते. म्हणून तो छंद उद्योग ठरला. तिसरी गोष्ट चरित्र वाचताना आपण सहसा ओलांडून जातो. तुटपुंज्या मिळकतीच्या त्या दिवसांत त्यांच्या पत्नी तेहमिना यांनी रानावनातील तळांवर संसार केला. १९३९ साली त्या निवर्तल्या. एकाची आवड जेव्हा उपजीविका होते, तेव्हा तिचा भार साऱ्या घरावर पडतो, हे पालकांनी आणि मुलांनीही विसरू नये.

म्हणून आता मी पालकांना एवढेच सांगतो. मुलाचा नाद एकदम मोडू नका आणि एकदम डोक्यावरही घेऊ नका. त्या विषयातला जाणता मनुष्य शोधा व मुलास त्याच्याकडे धाडा. वर्षभर रोज एक तास, कोणी न सांगता, तो त्या कामास बसतो की नाही ते पाहा. बसला, तर त्याच्या शिक्षणाची सोय करा; आणि जम बसेपर्यंत पोटापुरते मिळवून देणारी दुसरी विद्याही त्याच्या हाती असू द्या. न बसला, तर तो नाद आपोआप सुटेल. तुमच्या हातून अन्याय होणार नाही.

त्या हिशेबनिसाचा पत्ता मी मिळविला आहे. येत्या रविवारी त्याच्याकडे जाणार आहे. अजून चित्रे काढतोस काय, एवढे त्यास विचारावयाचे आहे.