उपाशी आतड्याला विश्रांती मिळते का?

सातव्या महिन्यात जन्मलेलं, हजार-बाराशे ग्रॅमचं बाळ पेटीत ठेवलं की घरच्यांचा पहिला प्रश्न दुधाचा असतो. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे झरी-जामणीपासून उमरखेडपर्यंतचे तालुके अशा वेळी धाव घेतात. वैद्यकाचं जुनं उत्तर थांबण्याचं होतं: आतडं कोवळं आहे, त्याला विश्रांती द्या, बाळाला सलाइनवर ठेवा. त्यामागे भीती होती ती ‘एनईसी’ची. या आजारात आतड्याचं अस्तर सुजतं, कुजतं, कधी त्याला भोक पडतं आणि बाळ बघता बघता हाताबाहेर जातं. भीती खरीच आहे. पण तिच्यावर उपवास हा उतारा आहे, हे गृहीतक तपासणीत टिकलेलं नाही.

मुळात हा प्रश्न रक्ताच्या वाटपाचा आहे. वार नीट काम करत नसेल, तर गर्भातलं बाळ असलेलं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. धरणात साठा कमी असला की पाणी आधी पिण्यासाठी राखतात आणि कालवा कोरडा राहतो, तसं आतडं कोरडं पडतं. डॉप्लर सोनोग्राफीत हे दिसतं: नाळेच्या धमनीतला प्रवाह हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये थांबतो, कधी चक्क उलटा फिरतो. जन्मानंतर त्याच तंत्राने आतड्याच्या मुख्य धमनीतला वेग मोजता येतो. दुसरं साधन त्याहून सोपं. पोटावर चिकटवलेल्या पट्टीतून अवरक्ताजवळचा प्रकाश आत जातो आणि आतड्याला किती प्राणवायू पोचतोय याचा अंदाज देतो. या मोजमापांतून कळलेली कळीची गोष्ट अशी, की दूध पोटात गेल्यावर आतड्याकडचा प्रवाह वाढतो. दूधच मिळालं नाही तर अस्तर पातळ पडतं, पाचक संप्रेरकं जागी होत नाहीत. उपाशी आतडं विश्रांती घेत नाही, ते मागे पडतं.

यावर रास्त आक्षेप असा, की ज्याचा प्रवाह आधीच क्षीण, त्याच्यावर पचनाचा भार टाकणं धोक्याचं नाही का? नेमकी हीच बाळं ‘अ‍ॅडेप्ट’ या चाचणीत घेतली गेली. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ५४ रुग्णालयांतली ४०४ बाळं. गर्भातच डॉप्लर बिघडलेला, वाढ खुंटलेली. काहींना दुसऱ्या दिवशी दूध सुरू झालं, काहींना सहाव्या. २०१२ मध्ये निकाल आला. लवकर सुरू केलेली बाळं १८ दिवसांत पूर्ण दुधावर आली, उशिराची २१ दिवसांत, आणि एनईसीच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. अर्थात यातून सरसकट सूट मिळत नाही. याच चाचणीत २९ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांत एनईसी ३९ टक्क्यांना झाला, त्यानंतरच्यांत १० टक्क्यांना. इतक्या लहानग्यांना दूध थेंबाथेंबानेच वाढवायला हवं. पण सावकाश देणं वेगळं आणि न देणं वेगळं. वॉर्डात या दोन्हींची गल्लत सहज होते.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा: ब्रिटनचे निष्कर्ष यवतमाळला कसे लावायचे? मला वाटतं, इथे ते अधिकच लागू पडतात. दूध थांबवलं की पोषण शिरेतून द्यावं लागतं. ते महाग, त्याला कसबी हात लागतात आणि शिरेत राहिलेली नळी जंतूंना वाट करून देते. म्हणजे जिथे सोयी कमी, तिथे उपवास जास्त महागात पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये पहिल्या दिवसापासून, शक्यतो आईचंच दूध द्यायला सांगितलं. आईचं नसेल तर दात्या मातेचं. त्यासाठीची देशातली पहिली दुग्धपेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्येच सुरू झाली. पावडरच्या दुधाने एनईसीचा धोका वाढतो. प्रवाह मोजणारी यंत्रं जरूर यावीत, कोणत्या बाळावर जास्त नजर ठेवायची हे ती सुचवतील. पण यंत्राची वाट पाहत बाळाला उपाशी ठेवण्याचं कारण नाही.

खरी अडचण अंतराची. बाळ यवतमाळला आणि बाळंतीण शंभरएक किलोमीटरवर उमरखेडला राहिली, तर पहिल्या दिवसांचा चीक येणार कुठून? तो पिळून टाकू नका, त्याऐवजी मध चाटवू नका. आणि बाळाला हलवायची वेळ आलीच, आईची प्रकृती ठीक असली, तर डॉक्टरांना विचारून गाडीत तिच्यासाठीही जागा करा.