मोटारसायकलीचीं नवीं चाकें : हौस कीं हित ?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. आमच्या पुतण्याचा मुलगा नोकरीस लागून दोन वर्षें झालीं. शिल्लक टाकलेल्या पैशांतून आपल्या मोटारसायकलीस हलकीं, उंची चाकें बसवावीं असें त्याच्या मनानें घेतलें. "आहेत तीं चाकें कांहीं मोडलीं नाहींत," असें त्याच्या आजीचें, म्हणजे आमच्या वहिनींचें, म्हणणें. "हलक्या चाकांनीं गाडी चपळ होते, आजी," असें त्याचें. निवाडा आमच्याकडे आला. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें, यंत्रविद्या नव्हे; तथापि चौकशीअंतीं जें समजलें तें वाचकांपुढें ठेवितों.

चाकाच्या तीन भागांस आपल्याकडे पूर्वापार नांवें आहेत : नाभि, अर आणि नेमि. वजन यांपैकीं कोठें आहे, यावर सर्व कांहीं अवलंबून आहे. नेमीवरील वजन गाडीबरोबर पुढें जातें आणि आंसाभोंवतीं फिरतेंही. म्हणून गाडीस वेग देतांना नेमीवरील 1 किलो हा सांगाड्यावरील 2 किलोंइतका भारी पडतो. नाभीजवळच्या वजनास हा दुहेरी भार जवळजवळ नाहींच. शिवाय चाकाचें ओझें स्प्रिंगांच्या खालीं असतें. तें जितकें कमी, तितकें चाक रस्त्याच्या चढउतारास चटकन् अनुसरतें. वळणावर गाडी कलविण्यासही जोर कमी लागतो. तेव्हां नातवाचें म्हणणें खरें. मात्र वाढते ती वेग घेण्याची तत्परता. गाडीचा कमाल वेग त्यानें फारसा वाढत नाहीं.

आतां प्रकार पाहूं. तारांच्या आऱ्यांचें चाक सायकलीकडून आलें. तिरकस ताणलेल्या आऱ्यांचें पेटंट जेम्स स्टार्ली यांनीं 1874 सालीं घेतलें. हें चाक दगडावर आपटल्यास बहुधा वांकतें, आणि कारागीर तारा ताणून तें सरळ करूं शकतो. पण आऱ्यांच्या भोंकांमुळें सामान्यतः ट्यूब घालावी लागते. ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकास ट्यूब लागत नाहीं. मात्र ओतकामांत सूक्ष्म पोकळ्या राहण्याचा संभव असल्यामुळें धातु जाड ठेवावा लागतो. घडीव चाक प्रचंड दाबाखालीं घडतें. धातु दाट होतो, व कमी जाडींत तेंच बळ मिळतें. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमच्या सुमारें दोन-तृतीयांश वजनाचें, पण खाऱ्या हवेस व पाण्यास भिणारें. वरचा लेप उडाला कीं तें झिजूं लागतें. कोंकणांत राहणाऱ्यांनीं त्याच्या वाटेस न जाणें बरें. कार्बन तंतूंचीं चाकें त्याहूनही हलकीं. डुकाटीच्या 2017 सालच्या 1299 सुपरलेजेरा गाडीस तींच होतीं. परंतु तीं आघातानें वांकत नाहींत, आंतून दुखावलीं तरी वरून दिसेलच असें नाहीं. जगप्रसिद्ध मोटोजीपी शर्यतींतही नियमानें चाकें मॅग्नेशियम वा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचींच लागतात.

घेणाऱ्यानें चाकाच्या झळाळीआधीं पुढील गोष्टी पाहाव्या : कारखान्याचें नांव व भारक्षमता चाकावर कोरलेली आहे काय, नेमीची रुंदी टायरास जुळते काय, ब्रेकची तबकडी व एबीएसचें कडें नीट बसतें काय. व्यास बदलल्यास वेगदर्शक कांटाही चुकीचें सांगेल. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करूं देत नाहीं. म्हणून परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत आधीं विचारावें.

नातवानें एका दुकानांतून पसंत केलेल्या जोडीचें चित्र आम्हांस दाखविलें. किंमत निम्मी, चकाकी दुप्पट; कारखान्याचें नांव नाहीं, भाराचा आंकडा नाहीं. आम्हीं एवढेंच विचारलें, "दर शनिवारीं तुझ्या मागें कोण बसतें ?" तो क्षणभर थांबून म्हणाला, "आई."

ती जोडी त्यानें घेतली नाहीं. प्रथम झिजलेले टायर बदलले. घडीव चाकांसाठीं अजून पैसे साठवीत आहे. वहिनी अद्यापि कुरकुरतात, पण परवां त्यांनींच त्याला विचारलें, "अरे, त्या चाकांवर भाराचा आंकडा असतो ना रे ?"