सावडीचं ऊन

जुन्नर तालुक्यात माझ्या मामांचं शेत आहे. लहानपणापासून त्या घरात एक वाक्य मी शंभरदा ऐकलंय : "या आठवड्यात रात्रीची लाईट आहे." म्हणजे थ्री फेज वीज रात्री येणार, मोटार तेव्हाच चालणार, आणि मामा एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं घेऊन मध्यरात्री उसात दारं धरायला जाणार. उसात बिबट्या असतो आणि बांधावर घोणस असते. मामा परत येऊन पायांवर पाणी घेईपर्यंत मामी जागी असायची.

आता विहिरीजवळ सोलरच्या प्लेटा उभ्या आहेत. पाच एचपीचा पंप सकाळी ऊन चढलं की चालू होतो. सरकारी योजनेत शेतकऱ्यानं किमतीच्या 10 टक्के भरायचे असतात, तेवढे मामांनी भरले. "दहा टक्क्यांत आली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. उरलेले नव्वद टक्के सरकारचे, हे त्यांना ठाऊक आहे. पण ती प्लेट सरकारला परवडेल इतकी स्वस्त होईपर्यंत कुणीकुणी पैसे मोजले, तो हिशेब कुठल्याच कागदावर नसतो. तो मला मांडायचा आहे.

पाच एचपीच्या पंपाला साधारण 4800 वॉटच्या प्लेटा लागतात. 1970च्या दशकाच्या मध्यावर एका वॉटची किंमत आजच्या डॉलरमध्ये शंभराच्या घरात होती. म्हणजे मामांच्या विहिरीवर तेव्हा जवळपास पाच लाख डॉलरच्या प्लेटा उभ्या राहिल्या असत्या. 2024 साली चिनी कारखान्याच्या दारात हाच भाव वॉटला दहा-बारा सेंटवर आला होता. भारतात बनलेल्या प्लेटा त्याहून महाग पडतात. तरीही ही घसरण डोळे विस्फारायला लावणारी आहे.

सुरुवात अमेरिकेची. 1954 साली न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट बनवला. त्यावर पडलेल्या उन्हाचा सुमारे 6 टक्के भाग वीज होऊन बाहेर पडे. इतकी महाग वीज परवडणारं एकच गिऱ्हाईक तेव्हा होतं, अवकाश. 1958 साली 'व्हॅनगार्ड-1' हा छोटा उपग्रह सौर घट घेऊन वर गेला. 1973च्या तेलसंकटानं जपान हादरला आणि पुढच्याच वर्षी त्या देशानं 'सनशाइन' प्रकल्प हाती घेतला. भारतानंही हात लावला होता : साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीत 1977 साली देशातला पहिला सौर घट तयार झाला. पण घट बनवणं वेगळं आणि लाखोंनी विकला जाणं वेगळं. जितक्या जास्त प्लेटा बनतील तितक्या त्या स्वस्त होत जातात. एकूण उत्पादन दुप्पट झालं की भाव साधारण 20 टक्क्यांनी उतरतो, असा अनुभव आहे. अडचण एवढीच, की महाग असताना त्या घेणार कोण?

त्या जर्मनीनं घेतल्या. या गोष्टीत माझं मन सर्वांत जास्त इथे अडकतं, कारण जर्मनीत ऊन ते किती! आपल्या मराठवाड्यापुढे ते काहीच नाही. हर्मान शेअर आणि हान्स-योसेफ फेल या दोन खासदारांनी पुढाकार घेतलेला कायदा 1 एप्रिल 2000 रोजी लागू झाला. छतावर सौर वीज बनवा, ती ग्रिडला द्या, युनिटमागे सुमारे 50 युरो सेंट घ्या, आणि हा दर 20 वर्षं बदलणार नाही. शेतकऱ्यांनी गोठ्यांवर प्लेटा चढवल्या, गावकऱ्यांनी वर्गणी काढून चर्चच्या छपरांवर चढवल्या. 2010 ते 2012 या तीन वर्षांत तिथे दरवर्षी 7000 मेगावॉटच्या वर भर पडली. हा पैसा सरकारी तिजोरीतून आला नाही, सामान्य माणसाच्या वीजबिलातून आला. 2014 साली अक्षय ऊर्जेसाठीचा अधिभार युनिटला 6.24 सेंट झाला होता. स्वयंपाकघरातल्या बिलावर हा बोजा पडत होता, त्यावर तिथे भांडणं झाली, टीका झाली, तरी कायदा टिकला.

त्या बिलांतून उभी राहिलेली मागणी पुरवली चीननं. शी झेंगरोंग हा तरुण चीनमधून ऑस्ट्रेलियात शिकायला गेला. न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली सौर घटांवर पीएचडी करून तो मायदेशी परतला, आणि 2001 साली वूशी शहरात त्यानं 'सनटेक' कंपनी काढली. विद्या ऑस्ट्रेलियाची, गिऱ्हाईक मुख्यतः युरोपचं, जमीन, कर्ज आणि मजूर चीनचे. चिनी कारखान्यांतली बरीचशी यंत्रंही सुरुवातीला युरोप-अमेरिकेतून आलेली. चारच वर्षांत सनटेक न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोचली.

आपल्याकडे याला नाव आहे. एकाच्या रानात चौघांनी राबायचं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. ही सावड. एखाद्याची नांगरट अडली की गाव आपापली औतं घेऊन त्याच्या शेतात उतरतं आणि तो सगळ्यांना जेवू घालतो, ती इर्जिक. 1954 पासून सौर प्लेटेच्या रानात अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, चीन पाळीपाळीनं राबले. कुणी ठरवून राबलं नाही, तसा करारही नव्हता. पण त्यांच्यातल्या एकानं जरी आपली पाळी चुकवली असती, तरी मामा आजही मध्यरात्रीच उसात दारं धरायला जात असते.

या सावडीत माणसं भरडलीही गेली. चिनी मालापुढे जर्मनीची 'क्यू-सेल्स' 2012 साली दिवाळखोरीत गेली, आणि पुढच्याच वर्षी सनटेकचा वूशीतला मुख्य कारखानाही त्याच वाटेनं गेला. शिनजियांगमध्ये सक्तीच्या मजुरीतून पॉलिसिलिकॉन बनतं, या आरोपावरून अमेरिकेनं त्या प्रांतातल्या मालावर कायद्यानं बंधनं घातली. स्वस्त प्लेटेकडे पाहताना हा डाग मला विसरता येत नाही, विसरूही नये. सौर घट बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर आज जगातली 80 टक्क्यांहून जास्त क्षमता एकट्या चीनकडे आहे. एकाच घरी सगळ्या गावाची औतं असणं कुणाच्याच हिताचं नाही.

आणि जिथे सहकार्य खरोखर ठरवून व्हायचं, तिथे काय झालं? 1992 साली रिओत हवामान करार झाला, 1997 साली क्योटोत उत्सर्जनाची बंधनं ठरली, 2015 साली पॅरिसमध्ये प्रत्येक देशानं आपापलं उद्दिष्ट स्वतः लिहून दिलं. दरम्यान भारतानं देशी घट वापरण्याची अट घातली, तर अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि 2016 साली भारत हरला. मग अमेरिकी राज्यांच्या तशाच सवलतींवर भारतानं दावा लावला आणि 2019 साली पॅनेलचा निकाल आपल्या बाजूनं लागला. पृथ्वी तापत असताना बांधाचे हे खटले! श्रीमंत देशांनी 2009 साली कोपनहेगनला वचन दिलं होतं, की 2020 पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठला गेला 2022 साली, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा होता. 2024 साली बाकूला नवा आकडा ठरला, 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज. भारताच्या प्रतिनिधींनी तो अपुरा म्हणून सभागृहातच नाकारला. माझ्या मते ते बरोबरच केलं.

भारतानं आपल्या पाळीचं कामही केलं. 2010 साली राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात बोली युनिटला 10.95 रुपयांपासून पुढे लागल्या होत्या. 2017 साली राजस्थानातल्या भाडला इथे हा दर 2.44 रुपयांवर आला. 2025च्या आरंभी देशानं सौर क्षमतेचा 100 गिगावॉटचा टप्पा ओलांडला.

हे सगळं मी मामांना एकदा ओट्यावर बसून सांगितलं. जर्मनीतल्या बायाबापड्यांच्या वीजबिलाचं ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सावड झाली म्हणायची. मग आता पाळी कुणाच्या रानात?"

पाळी आफ्रिकेच्या रानात आहे. जगातल्या उत्तम सौर जागांपैकी सुमारे 60 टक्के त्या खंडात आहेत, आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2022च्या अहवालानुसार जगात बसवलेल्या सौर क्षमतेपैकी तिथे जेमतेम 1 टक्का होती. प्लेटा आता महाग नाहीत. महाग आहे पैसा. कोळशाचं केंद्र आयुष्यभर कोळसा विकत घेतं. सौर प्रकल्पाला ऊन फुकट, पण जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो, तोही बहुधा कर्ज काढून. त्यामुळे सौर विजेचा दर म्हणजे मुख्यतः व्याजाचा दर. गरीब देशांना स्वच्छ ऊर्जेसाठी भांडवल श्रीमंत देशांच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतं. तीच प्लेट आणि आपल्यासारखंच रणरणतं ऊन असलं, तरी झांबियातल्या शेतकऱ्याची वीज जर्मन शेतकऱ्याच्या विजेहून महाग ठरू शकते. पॅरिस परिषदेच्या पहिल्याच दिवशी, 30 नोव्हेंबर 2015 रोजी, भारत आणि फ्रान्सनं आंतरराष्ट्रीय सौर आघाडी जाहीर केली. तिचं मुख्यालय गुरुग्रामला आहे आणि शंभराहून जास्त देश तिच्यात सामील झालेत. स्वस्त कर्ज आणि कर्जाची हमी, हेच या आघाडीनं अंगावर घ्यायचं खरं काम आहे.

हे सांगून झाल्यावर मामांनी विचारलं, तिकडचा शेतकरी रात्री पाणी कसं देतो. मी सांगितलं, की तिथल्या कित्येक गावांत वीजच नाही, ना दिवसाची, ना रात्रीची. विहिरीचं पाणी बादलीनं शेंदायचं, नाहीतर पावसाची वाट पाहायची.