कुलूप बाहेरून, कडी आतून

समजा, भूममधल्या एखाद्या शाळेचा ऑनलाइन वर्ग भरला आहे. सर गणित सोडवताहेत आणि अचानक पडद्यावर दहा अनोळखी जण उगवतात. कुणी गाणं लावतं, कुणी किंचाळतं, कुणी चॅटमध्ये शिव्या टाकतं. सर एकाला बाहेर काढेपर्यंत आणखी दोघं आत! गंमत अशी, की हे दहा जण एकमेकांनाही ओळखत नाहीत. मग नेमक्या त्याच वेळी, त्याच वर्गात ते जमले कसे?

आधी वाटलं, नंबराचा अंदाज बांधून घुसत असतील. ते शक्यही होतं! झूमच्या मीटिंगचा नंबर 9 ते 11 आकडी. 'चेक पॉइंट' या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी मनाला येतील ते नंबर तपासले, तर शंभरातले चारेक खरे निघाले. त्यात लॉकडाऊन लागला. डिसेंबर 2019 मध्ये झूमवर रोजची हजेरी फार तर 1 कोटी होती. मार्च 2020 मध्ये ती 20 कोटींवर गेली. एप्रिलमध्ये झूमने पासवर्डची सक्ती वाढवली. दाराला कुलूप लागलं. मिटला प्रश्न?

छे! बॉस्टन आणि बिंगहॅम्टन विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2020 च्या पहिल्या सात महिन्यांतली '४चॅन' हा निनावी चर्चामंच आणि ट्विटर यांवरची 'चला, घुसा' अशी दोनशेहून अधिक आवाहनं तपासली. '४चॅन'वरची सुमारे 70 टक्के आणि ट्विटरवरची 82 टक्के आवाहनं आतल्याच माणसाची वाटत होती. बहुतेकदा लक्ष्य होतं ऑनलाइन वर्गाचं. म्हणजे घरचा भेदी! पासवर्ड तोच देणार. वर सल्ला, की वर्गातल्या खऱ्या मुलाचं नाव लावून या, म्हणजे सर आत घेतील. शिवाय बहुतेक आवाहनं त्याच क्षणी चालू असलेल्या मीटिंगची. बेत आखायला वेळच नाही. लिंक दिसली की आत.

पण परक्याच्या वर्गात धुडगूस घालून या बाकीच्यांना मिळतं काय? उत्तराचा धागा इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेत हॅलोविनला मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डीनर आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशी 1,300 हून अधिक मुलं होती. 'एकेकच घ्या' असं सांगून घरची बाई आत जायची. काहींना ती आधी नाव-पत्ता विचारायची, काहींना नाही. सर्वांत जास्त हात मारला तो नाव न विचारलेल्या घोळक्यांतल्या मुलांनी! नाव झाकलेलं, सोबतीला घोळका आणि समोर उघडी परात. ऑनलाइन घुसखोराकडे या तिन्ही गोष्टी असतात. वर सरांची तारांबळ थेट बघायला मिळते.

न्यायालयंही यातून सुटली नाहीत. 2 जून 2021 ला दिल्ली उच्च न्यायालयात अभिनेत्री जुही चावलाच्या 5जीविरोधी याचिकेची सुनावणी होती. लिंक तिनेच समाजमाध्यमांवर दिलेली. कुणीतरी मध्येच तिच्या सिनेमांतली गाणी म्हणू लागलं. न्यायालयाने अवमानाची नोटीस काढायला सांगितलं. डिसेंबर 2023 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत अश्लील दृश्यं झळकली. प्रसन्न वराळे तेव्हा तिथे मुख्य न्यायाधीश होते. त्यांना ही सोयच काही काळ थांबवावी लागली.

मग उपाय? बॉस्टन-बिंगहॅम्टनच्या त्याच संशोधकांनी सुचवला, आणि तो किती साधा आहे पाहा: प्रत्येकाला वेगळी लिंक द्यायची. एका लिंकवर एकच जण आत येणार आणि ती बाहेर गेली, तर कुणाची हे लगेच कळणार. पासवर्ड परक्याला अडवतो. ही लिंक आतल्याला विचार करायला लावते, कारण तिच्यावर त्याचं नाव असतं.