प्रिन्सची कथा, नवा कन्सोल आणि तुमचं गृहीतक

पीएचडीची तयारी करणारे मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात ते हे: "सिनॉप्सिसमध्ये गृहीतक लिहायचं म्हणजे नक्की काय लिहायचं?" आज उत्तर व्हिडिओ गेमवाल्यांच्या भांडणातून देते. हसू नका, उदाहरण चांगलं आहे.

आमच्या राजोडीत किनाऱ्यावर संध्याकाळी पोरं जमतात, त्यांत माझा मावसभाऊही असतो. त्यांचे दोन वाद वर्षानुवर्षं चालू आहेत. एक, अमुक गेमचा हा भाग आधीच्या भागाशी जुळतो का? आणि दोन, नवा कन्सोल चालणार की आपटणार? दोन्ही वाद सारख्याच जोरात होतात, पण पुराव्याच्या दृष्टीने त्यांची जात वेगळी आहे. पहिल्यात गोष्ट घडून गेलेली असते आणि तिला कारण चिकटवायचं असतं. दुसऱ्यात गोष्ट अजून घडायचीच असते.

पहिला वाद बघू. मालिका आहे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. १९८९ चा जॉर्डन मेकनरचा मूळ गेम शाळेच्या कॉम्प्युटरवर अनेकांनी खेळला असेल. खरी भांडणं मात्र २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'पासून सुरू होतात. त्याची सुरुवात एका भारतीय महाराजाच्या महालावरच्या हल्ल्याने होते. प्रिन्सला तिथे काळ मागे नेणारा खंजीर मिळतो, तो फसवणुकीला बळी पडून शापित वाळू मोकळी करतो, आणि शेवटी सगळा काळ उलटा फिरवून हल्ल्याच्या आधीच्या रात्री पोचतो. म्हणजे आपण खेळलो ते सगळं 'घडलंच नाही'. आठवण फक्त प्रिन्सला राहते, महाराजाच्या मुलीला, फराहला, राहत नाही.

मग २००४ मध्ये 'वॉरियर विदिन' आला. त्यात सात वर्षं उलटलीत. पहिल्या भागातला थोडा गर्विष्ठ, थोडा विनोदी मुलगा आता रागीट, शिव्या हासडणारा लढवय्या झालाय. का? कारण त्याने काळाशी छेडछाड केली म्हणून 'दहाका' नावाचा राक्षस त्याच्या मागे लागलाय. हे झालं कथेच्या आतलं स्पष्टीकरण. बाहेरचं स्पष्टीकरण असं की मेकनर या भागाच्या लेखनात नव्हते आणि युबिसॉफ्टला जास्त हिंसक, जास्त काळोखा गेम हवा होता. तिसरा गट म्हणतो, काळ उलटवण्याचा माणसाच्या मनावर असाच परिणाम होणार.

तिन्ही बसतात. गोम इथेच आहे. प्रिन्स बदललाय हे आपल्याला आधीच माहीत आहे, त्यामुळे जे कारण सांगू ते त्याला बसतंच. ज्या मापावरून कपडा शिवला त्याच अंगावर घालून बघितला, तर शिंप्याची परीक्षा झाली असं म्हणता येत नाही.

अशी मागाहून केलेली जुळवणी निरुपयोगी नसते, हेही सांगायला हवं. नव्या कल्पना बहुतेक वेळा अशाच सुचतात. पण सुचणं वेगळं आणि तपासणं वेगळं. तपासायला असा पुरावा लागतो जो कल्पना मांडताना आपल्यासमोर नव्हता.

गेमवाल्यांना असा पुरावा नशिबाने मिळाला. मे २०१० मध्ये 'द फरगॉटन सँड्स' आला आणि त्याची कथा नेमकी या दोन भागांच्या मधल्या काळात घडते. आता 'सात वर्षांच्या पाठलागाने प्रिन्स कडवट झाला' हे म्हणणं खरं असेल, तर मधल्या काळातल्या गेममध्ये त्या पाठलागाची काहीतरी खूण दिसायला हवी. दिसत नाही. दहाका नाहीच. उलट प्रिन्सला पाणी गोठवण्यासारख्या शक्ती मिळतात, ज्यांचा २००४ च्या भागात पत्ता नाही. बाहेरच्या स्पष्टीकरणाला मात्र काही अडचण येत नाही: त्याच महिन्यात डिस्नेचा 'सँड्स ऑफ टाइम' सिनेमा आला होता, कंपनीला त्या लोकप्रिय कथेकडे परतायचं होतं.

यावर चाहत्यांचं उत्तर तयारच होतं. "दहाका या प्रसंगानंतर मागे लागला असेल, आणि शक्ती नंतर गेल्या असतील." बसतं की! पण काय झालं बघा. आधी 'सात वर्षं पाठलाग' म्हणत होतो, आता 'सात वर्षांतला कुठला तरी काळ' म्हणतोय. दावा वाचला, पण पोकळ झाला. प्रत्येक ठिगळासरशी तो जगाबद्दल थोडं कमी सांगतो. तुमच्या प्रयोगात अपेक्षित निकाल आला नाही आणि तुम्ही "तापमान कमी असेल" असं लिहून मोकळे झालात, तर तुम्हीही हेच करत असता. तापमानावर शंका असेल तर ते मोजून प्रयोग पुन्हा करायचा. तेवढं केलं की ठिगळाचं गृहीतक होतं.

आता घराजवळचं उदाहरण. सप्टेंबर २०२० मध्ये 'सँड्स ऑफ टाइम'च्या रीमेकची घोषणा झाली आणि तो करणार होते युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. इथल्या पोरांच्या आनंदाला पारावार नव्हता. ट्रेलर आला आणि जगभरातून टीका झाली की हे तर जुन्या कन्सोलचं चित्रण वाटतंय. घोषणा प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी होती आणि प्लेस्टेशन ५ दोन महिन्यांवर येऊन ठेपला होता. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेलं. जानेवारी २०२६ मध्ये गेम रद्दच झाला.

काम काढून घेतलं तेव्हा सगळ्यांना कारण माहीत होतं: "आपल्या लोकांना जमलं नाही." हे मी अगदी शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय. पण या वाक्याला गृहीतक म्हणून वागवा. अडचण फक्त टीमची असती, तर टीम बदलल्यावर गेम यायला हवा होता. मूळ गेम ज्या मॉन्ट्रियलमध्ये बनला तिथेच काम गेलं, साडेतीन वर्षं मिळाली, तरी गेम आला नाही. म्हणजे पुणे-मुंबई निर्दोष ठरले का? नाही. कंपनीची आर्थिक ओढाताण, बदललेले बेत, बरंच काही मध्ये आलं. एका उदाहरणाने दावा मरत नाही. पण तो कमकुवत नक्की झाला, आणि मला वाटतं, त्या स्टुडिओंमध्ये राबलेल्या मुलांना एवढा न्याय तरी मिळायला हवा.

दुसऱ्या वादाकडे येऊ. निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलची विक्री बघा (हातातले गेमबॉयसारखे वेगळे). १९८३ चा कन्सोल, फॅमिकॉम म्हणजेच एनईएस, ६.१९ कोटी. नंतरचा सुपर एनईएस ४.९१, निन्टेन्डो ६४ ३.२९, गेमक्यूब २.१७ कोटी. आता समजा आपण २००५ मध्ये बसलोय. चार बिंदू, सरळ उतरती रेघ. पट्टी लावून पुढे ओढली तर पुढचा कन्सोल एक कोटीच्या आसपास. प्रत्यक्षात २००६ चा वी १०.१६ कोटी विकला गेला! मग लोक म्हणाले, कंपनीला सूत्र सापडलं. २०१२ चा वी यू गेला फक्त १.३६ कोटी. जानेवारी २०१७ मध्ये स्विच दाखवला त्या दिवशी कंपनीचा शेअर पाच टक्क्यांहून जास्त पडला. तो स्विच पुढे १५ कोटींच्या वर गेला, आणि आज प्रत्येक जण म्हणतो, "घरी टीव्हीवर आणि बाहेर हातात, हे तर चालणारच होतं."

चालणारच होतं, तर शेअर का पडला?

स्विच २ च्या आधी नवा नियम फिरत होता: एक चालतो, पुढचा आपटतो. वी, वी यू, स्विच. तीन बिंदूंवर नियम. तीन बिंदूंतून जवळपास कुठलाही नियम काढता येतो. शिवाय आपल्या पोरांचा अंदाज आणखी एका कारणाने अडखळतो. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे इथे कन्सोल घेणारा म्हणजे बाहेरून आणवून जास्त पैसे मोजणारा हौशी. त्या नमुन्यावरून जपानमधल्या पालकांबद्दल काय कळणार?

या सगळ्यात ज्यांनी सरळ परीक्षा दिली ते कंपनीचे हिशेबनीस. स्विच २ जून २०२५ मध्ये आला. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं: ३१ मार्च २०२६ पर्यंत १.५ कोटी. पहिल्या चार दिवसांत ३५ लाख गेले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी आकडा १.९ कोटी केला. म्हणजे पहिला अंदाज कमी होता हे त्यांच्याच कागदावर दिसतं. आकडा, तारीख आणि चूक दिसण्याची सोय. 'स्विच २ जबरदस्त चालणार' या वाक्यात यातलं एकही नाही.

संशोधनात निकाल बघून गृहीतक लिहायचं आणि ते आधीपासून होतं असं दाखवायचं, याला 'हार्किंग' म्हणतात. नॉर्बर्ट कर या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये हे नाव दिलं. बहुतेक वेळा यात कुणी लबाडी करत नाही. स्विचवाल्यांसारखं आपल्यालाही मनापासून वाटतं की हे मला आधीच माहीत होतं. म्हणून स्मरणशक्तीवर विसंबू नका. माहिती गोळा करण्याआधी गृहीतक तारखेसह वहीत लिहा, गाइडना ईमेल करून ठेवा, किंवा ओपन सायन्स फ्रेमवर्कवर फुकट पूर्वनोंदणी करा. माहितीत मध्येच काही नवं दिसलं तर तेही लिहा, फक्त 'हे नंतर दिसलं' अशा वेगळ्या मथळ्याखाली.

समजा तुमचा विषय आहे आपल्या वसई पट्ट्यातल्या विहिरी. 'किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारं पाणी शिरत आहे' असं लिहिलंत तर ते राजोडीच्या वादासारखं झालं, काहीही सापडलं तरी बसेल. त्याऐवजी असं लिहा: 'मे महिन्यात, किनाऱ्यापासून ५०० मीटरच्या आतल्या २० विहिरींतलं सरासरी क्लोराइड, दोन किलोमीटर आतल्या तेवढ्याच खोलीच्या २० विहिरींपेक्षा किमान दीडपट असेल. सप्टेंबरमध्ये, पाऊस मुरल्यावर, हा फरक कमी होईल.' दीडपट का, हे आधीच्या अभ्यासांवरून ठरवा आणि तेही लिहा. त्याखाली आणखी एक ओळ हवी, जी बहुतेक सिनॉप्सिसमध्ये नसते: सप्टेंबरमध्ये फरक तसाच राहिला, तर खारेपणा समुद्रातून नव्हे, सांडपाण्यातून किंवा जमिनीतूनच येत असण्याची शक्यता मी आधी तपासेन.