स्वयंपाकघराची फरशी

घर बांधतांना मनुष्य भिंतींकडे व छपराकडे जितकें लक्ष देतो, तितकें तो पायाखालच्या जमिनीकडे देत नाहीं. भिंतीच्या रंगाचा कंटाळा आला तर तो दोन दिवसांत बदलतां येतो. परंतु स्वयंपाकघराची फरशी बदलावयाची म्हणजे चूल, मांडणी आणि सारा संसारच बाहेर काढावा लागतो. म्हणून ही निवड पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा विचार करूनच केली पाहिजे.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतील अंकुशनगर हें साखर कारखान्याचें गाव. गोदाकाठची काळी माती तेथील उसाला जितकी हितकर, तितकीच घराला घातक. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट बसविलेली फरशी कितीही उंची असली, तरी कांहीं वर्षांत वरखालीं होते. सांधे उघडतात, त्यांत खरकटें पाणी मुरतें आणि मुंग्या-झुरळांना आयतें घर मिळतें. यावर उपाय एकच. जोत्याच्या आंतील काळी माती खणून काढावी, तिच्या जागीं मुरूम सहा ते नऊ इंचांच्या थरांनीं भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करावा आणि वर काँक्रीटचा थर घालून मगच फरशी बसवावी. हा खर्च डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यावरच पडते आणि तेथेंच घर फसतें.

पूर्वीं स्वयंपाकघराची जमीन शेणानें सारवीत. ती पायांना मऊ व उन्हाळ्यांत सुखद असे. पण पाणी तिला सोसत नसे, आणि तिच्यासाठीं घरांतील स्त्रीला वारंवार कंबर मोडेपर्यंत राबावें लागे. त्या कष्टांतून पुष्कळ घरांची सुटका शहाबादी फरशीनें केली. कलबुर्गी जिल्ह्यांतील शहाबाद येथील हा चुनखडीचा दगड खाणींत थरांथरांनींच सांपडतो. त्यामुळें त्याच्या सपाट लाद्या सहज सुटतात व स्वस्त पडतात. शहाबाद व जालना हीं दोन्हीं गावें १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांतच होतीं. राजस्थानांतील कोटा दगडही चुनखडीचाच. मात्र त्याचा पोत अधिक घट्ट असून त्याला घासून चांगली चकाकी आणतां येते.

चुनखडीचा वैरी म्हणजे आंबट पदार्थ. लिंबू, चिंच, ताक सांडून तसेंच राहिलें तर दगडाची चकाकी जाऊन पांढुरका डाग उमटतो. संगमरवराचीही हीच गत होते. तेजाबानें फरशी धुण्याची चाल तर सर्वांत वाईट; तिनें मळाबरोबर दगडही झिजतो. ग्रॅनाइटला मात्र स्वयंपाकांतील आंबटाची बाधा सहसा होत नाहीं.

शोभेची हौस असणाऱ्यांनीं रंगीत सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांचा विचार करावा. मुंबईंत ‘भारत’ कंपनीनें १९२२ पासून अशा लाद्या तयार केल्या. त्या सुंदर व टिकाऊ असतात. पण त्यांतही सिमेंट असल्यामुळें आंबट व तेल तत्काळ पुसावें लागतें. आज गुजरातेंतील मोरबी येथून येणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स घरोघरीं दिसतात. त्या इतक्या घट्ट भाजलेल्या असतात कीं स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषतात. म्हणून हळदीचा वा तेलाचा डाग त्यांवर सहसा टिकत नाहीं. परंतु आरशासारखी गुळगुळीत टाइल दिवाणखान्यांत शोभते. स्वयंपाकघरांत पाणी वा तेल सांडलें कीं तीच घातक ठरते. वडीलधाऱ्या माणसांचा पाय तिच्यावरून घसरला, तर शोभेची किंमत मोडलेल्या हाडांनीं द्यावी लागते. तेथें खरबरीत पृष्ठाचीच टाइल घ्यावी.

रंगाविषयीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, शुभ्र फरशीवर प्रत्येक डाग दिसतो व काळ्याभोर फरशीवर वाळलेल्या पाण्याचे ओघळ दिसतात. मधल्या छटेची, बारीक ठिपक्यांची फरशी दोन्हीं झांकते. सांधे अरुंद व गडद रंगाचे ठेवावेत. फरशीला मोरीकडे दहा फुटांस सुमारें एक इंच उतार द्यावा.

खरेदीपूर्वीं नमुन्याचा एक तुकडा घरीं आणावा. त्यावर रात्रभर लिंबाचा रस, हळद व तेल राहूं द्यावें. सकाळीं तो धुवून पाहावा आणि मग ओल्या पायानें त्यावर उभें राहून पाहावें. दुकानांतील दिव्यांच्या झगमगाटांत फरशीचा जो गुण कळत नाहीं, तो या एका रात्रींत कळतो. फरशीची खरी परीक्षा चुलीजवळच होते. तेथें जी उतरते, तीच शोभिवंत म्हणावी.